मनगटाची साक्ष

खोक्यावर लाल अक्षरांत 'चालकाची चूक' असं आधीच छापलेलं होतं. खोकं अजून कुणी उघडलंही नव्हतं.

यामिनी ठोंबरे त्या अक्षरांकडे बघत राहिली. नाशिकबाहेरच्या वाहन परीक्षण प्रयोगशाळेत ती एकवीस वर्षं इंजिनं उघडत आली होती आणि न उघडलेल्या इंजिनाबद्दल मत असणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. तिने फळ्या उचकटल्या, मोटारसायकलचं इंजिन टेबलावर घेतलं आणि तासाभरात सिलिंडर मोकळा केला. आतला पिस्टन माथ्यावर पांढरट पडला होता. एका कडेला धातू मेणासारखा ओघळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटला होता.

यात काही गूढ नव्हतं. इंजिनाला हवा भरपूर आणि इंधन कमी मिळालं, की जाळ भलताच तापतो आणि पिस्टन वितळतो. हे इंजिन उपाशी मेलं होतं.

खोक्यासोबतच्या कागदावर लिहिलं होतं: रुग्णवाहिका-दुचाकी, धडगाव तालुका, चालक जमना पावरा. घाटात बंद पडली. रुग्ण गरोदर स्त्री. आई सुखरूप, बाळ दगावलं. चालकास निलंबित केलं आहे.

यामिनी खुर्चीवर बसली. वर्षापूर्वी याच टेबलावर तिने या गाड्यांसाठी इंधन-नियामक निवडून दिला होता. आणि या गाड्या चालवणाऱ्या मंडळाने दुसराच घेतला होता.

निवड करावी लागण्याचं कारण साधं होतं. निव्वळ पेट्रोल मिळणं बंद होऊन दहा वर्षं झाली होती. पंपावर मिळायचं ते मद्यार्कमिश्रित इंधन. उसाचा हंगाम, मक्याचं पीक, भाताचा पेंढा यांनुसार त्यातलं मद्यार्काचं प्रमाण चाळीस टक्क्यांपासून पंच्याऐंशीपर्यंत कुठेही असायचं. मद्यार्क जास्त असेल तर तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त फवारावं लागतं. इंजेक्टर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडतो. तो किती वेळ उघडा ठेवायचा हे दर टाकीला नव्याने ठरवायला हवं. ते ठरवणारी पेटी म्हणजे नियामक. सातपुड्यातल्या पाड्यांवर विजेच्या गाड्या पोचत नव्हत्या, म्हणून दुर्गम आरोग्यसेवा मंडळाच्या अडतीस साइडकारवाल्या मोटारसायकली याच इंधनावर चालायच्या.

यामिनीने तीन पेट्या तपासल्या होत्या. पहिली इंजिनाच्या संगणकाला 'हवा फार थंड आहे' अशी थाप मारून जास्त इंधन फवारून घ्यायची. थापेवर चालणारं यंत्र तिने पहिल्याच दिवशी बाजूला काढलं. दुसरीला तीन खुंट्या होत्या: संथ, मध्यम आणि पूर्ण वेगासाठी. पंपावरच्या पाटीवर मद्यार्काचा आकडा बघायचा, खुंट्या त्या आकड्यावर फिरवायच्या, संपलं. यामिनीने शिफारस केली ती हिची. तिसरी होती 'समज'. ती स्वतः शिकायची, चालकाला हातही लावावा लागत नसे, आणि इंधन अठरा टक्के वाचवायची. मंडळाला अठरा टक्के आवडले.

'समज' ज्याने घडवली तो डॉ. निरंजन सबनीस यामिनीचा कॉलेजातला सोबती. तिने फोन केला आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. उंच, हसतमुख, नेहमीसारखा घाईत. टेबलावरचा पिस्टन बघितल्यावर त्याचं हसू थांबलं.

"तुझ्या यंत्राला कसं कळतं, की इंजिनाला इंधन कमी पडतंय?" यामिनीने विचारलं.

"तुला माहितेय ते."

"मला या पिस्टनसमोर ऐकायचंय."

सबनीसने सुस्कारा टाकला. "धुराड्यातला प्राणवायू-संवेदक हा खरा मार्ग. पण असल्या इंधनात तो चार महिन्यांत खराब होतो आणि महाग पडतो. म्हणून आम्ही तो काढला. संवेदक कशासाठी हवा? इंजिनाची ओढ कमी झाली हे कळायला. ते सगळ्यांत आधी कुणाला कळतं? चालकाला. गाडी ओढत नाहीशी वाटली, की माणूस विचार न करता ॲक्सिलरेटरची मूठ पिळतो. तो झटका आमचं यंत्र सेकंदाच्या शंभराव्या भागात टिपतं. चालकाचं मनगट हाच आमचा संवेदक आहे."

"आणि झटका आलाच नाही तर?"

"तर चालक समाधानी आहे. मग इंधन किंचित कमी करून बघायचं. पुन्हा झटका नाही, पुन्हा किंचित कमी. झटका आला की थोडं वाढवून तिथे थांबायचं. अठरा टक्के बचत तिथून येते. लाखभर गाड्यांवर चालतंय, यामिनी. शहरात प्रत्येक सिग्नलला माणूस मूठ पिळतो. यंत्राला पाच मिनिटांत सगळं कळतं."

"आणि साइडकारमध्ये गरोदर बाई असताना?"

त्याने पिस्टनवरून नजर काढली.

"एखाद्या दिवशी डेपोतून इंधनच वाईट आलं तर काय करता?" तिने विचारलं.

हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. तो जरा खुलला. "त्यासाठी सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलतात. एकट्याचा झटका ही त्या गाडीपुरती तक्रार. पण एका डेपोचं इंधन भरणाऱ्या तीस गाड्यांनी एकाच वेळी तक्रार केली, तर दोष गाड्यांचा नाही, इंधनाचा. मग त्या डेपोवरच्या झाडून सगळ्या गाड्यांचं इंधन वाढतं. कुणी काही न करता."

"आणि तीस गाड्या एकाच वेळी गप्प राहिल्या तर?"

"गप्प राहणं ही काही माहिती नाही."

"पण त्याच गप्प राहण्यावर तू त्यांचं इंधन कापतोस."

सबनीसने पिस्टन उचलला, बोटाने वितळलेली कड चाचपली आणि खाली ठेवला. "मी बघतो काही करता येतं का," तो म्हणाला.

आठवड्याने सबनीसच्या कंपनीचं पत्र आलं. डोंगरातल्या गाड्यांना वेगळी वागणूक देणं यंत्रणेच्या रचनेत तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. यामिनीने अहवाल लिहून मंडळाकडे धाडला. मंडळाचे सचिव कुलथे यांनी तिला बोलावून चहा दिला आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, "ठोंबरे मॅडम, वर्षभरात अडतीस चालकांपैकी एकाचीही या यंत्राबद्दल तक्रार नोंदवलेली नाही. मग आम्ही कशाच्या आधारावर बदलायचं?"

"त्यांना विचारलं का कुणी?"

"नोंदवही प्रत्येक केंद्रावर ठेवलेली आहे."

यामिनीने चहा अर्धा टाकला आणि तिथूनच धडगावची गाडी पकडली.

जमना पावरा तिशीतली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई होती. निलंबित असूनही ती आरोग्य केंद्राच्या आवारात दुसऱ्याची गाडी पुसत बसली होती. यामिनी कोण आहे हे कळल्यावर तिने फडका खाली ठेवला, पण उठली नाही.

"इंजिन बघितलं का तुम्ही?" तिने विचारलं.

"बघितलं. तुमची चूक नाही."

जमनाने मान हलवली. हे तिला ठाऊक होतं. दुसरं कुणी म्हणेल असं मात्र वाटलं नव्हतं. मग तिने त्या दिवशीचं सांगितलं. वांती वसावे नावाची बाई, पहिलटकरीण, दुपारी कळा सुरू झाल्या. साइडकारमध्ये तिला आडवी केली, नवरा मागे बसला. घाट अर्धा झाला आणि गाडी दमायला लागली.

"मग तुम्ही मूठ पिळली नाहीत?"

"मूठ पिळली तर गाडी झटका खाते. झटका बाईच्या पोटात जातो. मी गिअर खाली घेतला. परत दमली, परत खाली घेतला. मग आतून करकर आवाज आला आणि चाकच धरलं गेलं. तिथून तिला झोळीत घालून चार किलोमीटर नेलं आम्ही दोघांनी. ती मधे मधे मलाच विचारायची, ताई, तुम्ही दमल्या का."

जमनाने हात कपड्याला पुसले. मग खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड काढून तिने यामिनीला दिलं. मंडळाचं प्रशिक्षण कार्ड. तिसरी सूचना ठळक अक्षरांत होती: रुग्ण सोबत असताना ॲक्सिलरेटरला झटका देऊ नये.

यामिनीने ते दोनदा वाचलं. रागाने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या मंडळाने या बायांना मूठ हळू ठेवायला शिकवलं, त्याच मंडळाने मूठ हळू असली की इंधन तोडणारी पेटी त्यांच्या गाडीवर बसवली होती. वर्षभर या बाया नेमून दिलेलं काम नेमकं करत होत्या आणि प्रत्येक नीट केलेल्या फेरीगणिक त्यांचं इंजिन थोडं थोडं उपाशी मरत होतं. वर खोक्यावर चालकाची चूक.

तिने जमनाला पेटी कशी ऐकते ते सांगितलं. काही लपवलं नाही. एकीचा झटका तिच्या गाडीपुरता. तीस गाड्यांचा एकाच वेळचा झटका डेपोवरच्या सगळ्यांसाठी. धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून नव्वद हजार गाड्या त्याच डेपोचं इंधन भरतात, हेही सांगितलं.

जमनाने खाली ठेवलेला फडका उचलून त्याच्या घड्या घातल्या. "म्हणजे त्याला बोललेलं कळत नाही. हिसका दिलेलाच कळतो."

"हो."

"पेशंट नसताना दिला तरी?"

"गाडी गिअरमध्ये आणि चालती हवी. बाकी काही नाही."

"ड्युटी सगळ्यांची आठला लागते," जमना म्हणाली. "शाळेचं मैदान सपाट आहे. बाकी केंद्रांवर पण जागा आहेच कुठे ना कुठे. मी सांगते बायांना."

यामिनीला त्या क्षणी 'थांबा' म्हणता आलं असतं. ती सरकारमान्य प्रयोगशाळेची परीक्षक होती. चालू यंत्रणेला मुद्दाम ढवळायला लावणं तिच्या अधिकारात बसत नव्हतं. तिने पाणी मागितलं आणि पिऊन घेतलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता सातपुड्यात पसरलेल्या सदतीस केंद्रांवर सदतीस बायांनी रिकाम्या गाड्या काढल्या, मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीत तीन वेळा मूठ पिळली. मग गाड्या पुसून कामाला लागल्या. मंगळवारी पुन्हा. बुधवारी घाट चढणाऱ्या गाड्यांची इंजिनं पहिल्यांदा थंड राहिली. जमनाने फोनवर एवढंच सांगितलं, "ओढतात आता."

गुरुवारी धुळ्यात मोटारसायकलींच्या धुराड्यांतून काळा धूर यायला लागला. जळगावच्या गॅरेजांपुढे रांगा लागल्या. ठिणगीचे प्लग काजळून येत होते, टाकी दोन दिवस आधीच संपत होती. ज्यांना मुळीच कमी नव्हतं, त्यांना यंत्रणा आता नको इतकं पाजत होती. गुरुवारी दिवसभरात कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अकरा हजार फोन आले.

शुक्रवारी सबनीसचा फोन आला. आवाज बसलेला होता. "डोंगरातल्या गाड्या रोज सकाळी एकाच मिनिटाला झटके देतात. एकही चुकत नाही. तुला माहीत होतं?"

"तूच सांगितलं होतंस मला. तीस गाड्या एकाच वेळी बोलल्या तर दोष इंधनाचा."

"पण इंधन चांगलं होतं."

"इंजिनंही चांगली होती, निरंजन. चालकही चांगल्या होत्या. मग उरलं काय, ते तूच सांग."

त्याने फोन ठेवला. त्याच संध्याकाळी कंपनीचं पत्र मंडळात येऊन पडलं. डोंगरातल्या सदतीस गाड्या वेगळ्या करण्यात आल्या असून त्यांच्या मुठीचे झटके यापुढे 'निरर्थक' समजून वगळले जातील. जे महिनाभर तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं, ते शहरातल्या धुराने एका दिवसात शक्य केलं होतं. धुळ्यातला धूर दुसऱ्या दिवशी थांबला. कुलथ्यांनी सुटकेचा श्वास टाकून बैठक बोलावली, ती प्रकरण मिटवायला.

बैठक यामिनीने हट्टाने प्रयोगशाळेत घ्यायला लावली. कुलथे, सबनीस, मंडळाचे दोन सदस्य आणि भिंतीला टेकून उभी असलेली जमना. मधोमध रोलरवर धडगावहून आणलेली गाडी, कंपनीच्या नव्या दुरुस्तीसह. रोलरला घाटाचा चढ आणि साइडकारमधल्या माणसाचं वजन द्यायची सोय होती. वर्षभराच्या फेऱ्या तासाभरात भरायचीही. यामिनीने तसं जुळवलं.

"कंपनीचं म्हणणं आहे की दुरुस्ती निर्धोक आहे," ती म्हणाली. "चालवून दाखवायला कुणीतरी हवं. मी बसले तर म्हणाल मुद्दाम बिघडवली."

सबनीस उठला. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गाडीवर बसला. त्याचा स्वतःच्या यंत्रावर विश्वास होता, आणि यामिनीला त्याच्याबद्दल त्या दिवशी जो काही आदर वाटला तो तेवढ्यापुरता.

रोलर फिरू लागला. पहिली दहा मिनिटं गाडी छान ओढत होती. कुलथ्यांनी घड्याळ बघितलं. विसाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज पातळ झाला. सबनीसने सवयीने मूठ पिळली. काही झालं नाही. त्याने पुन्हा पिळली, या वेळी जोरात. इंजिन खोकलं आणि आणखी मंदावलं. झडप उघडून हवा तेवढी आत गेली, इंधन वाढलं नाही. पडद्यावर इंधनाचा आकडा सावकाश उतरत होता आणि तापमानाचा चढत होता.

"गिअर खाली घ्या," जमना भिंतीजवळून म्हणाली. "आम्ही तेच करतो."

त्याने गिअर खाली घेतला. आकडा उतरतच राहिला. आता तो मूठ अखेरपर्यंत पिळून धरत होता, सोडत होता, पुन्हा पिळत होता. कपाळावर घाम आला होता. ज्या यंत्राला त्याने मनगटाखेरीज दुसरा कान दिला नव्हता, त्याला त्यानेच सांगितलं होतं की या मनगटाकडे लक्ष देऊ नकोस. झटका वगळला म्हणजे यंत्राच्या लेखी शांतता. आणि शांतता म्हणजे आणखी कापायचं. कित्येक महिन्यांत पेटीने जेवढं इंधन कापलं असतं, तेवढं ती अडतिसाव्या मिनिटाला कापून बसली होती.

"बंद कर," सबनीस म्हणाला. "यामिनी, बंद कर."

तिने रोलर थांबवला. खोलीत तापलेल्या धातूचा वास पसरला होता.

"करारातलं पहिलं कलम वाचते," यामिनी म्हणाली. "'नियामकात इंधनाची गरज ओळखणारा किमान एक संवेदक कार्यरत असावा.' कंपनीने लेखी दिलंय की या सदतीस गाड्यांवरचा एकमेव संवेदक निरर्थक आहे. म्हणजे यांच्यावर आज नियामकच नाही. दोन दिवस झाले. गाड्या अजून घाटात जातायत. सचिव साहेब, अजून किती खोकी यायची वाट बघायची?"

कुलथ्यांनी सबनीसकडे बघितलं. तो गाडीवरून उतरून हात पुसत उभा होता. "ती बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "काढा आमच्या पेट्या. आजच." मग तो जमनाकडे वळला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. जमनाने त्याला मदत केली नाही.

गाड्या त्या दुपारीच जागेवर थांबवल्या गेल्या. जमनाचं निलंबन रद्द झाल्याचा कागद चार ओळींचा होता. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता. तीन खुंट्यांच्या पेट्या बसवायला यामिनी स्वतः केंद्राकेंद्रावर फिरली. पाटीवरचा आकडा बघायचा आणि खुंटी फिरवायची, एवढंच शिकवायचं होतं. बायांना ते एका सकाळीत आलं. कुणी कार्डाच्या मागे आकडे लिहून घेतले, कुणी खुंटीवर नेलपॉलिशने खुणा केल्या.

शेवटची पेटी जमनाच्या, नवं इंजिन घातलेल्या गाडीवर बसली. यामिनी साइडकारमध्ये बसून तिच्याबरोबर घाट चढली. हातात तापमापक होता. माथ्यावर पोचेपर्यंत काटा हिरव्या पट्ट्यातून हलला नाही. पलीकडे उतारावर एक पाडा होता. एका घरापुढे अंगणात एक तरुण बाई मका सोलत बसली होती. जमनाने गाडी थांबवली. ती कोण, हे सांगावं लागलं नाही.

वांती वसावेने दोघींना पाणी आणून दिलं. गाडीवरच्या नव्या पेटीकडे तिने वाकून बघितलं.

"आता घाटात थांबणार नाही ना?" तिने विचारलं.

एकवीस वर्षांत यामिनीने कुठल्याही यंत्राबद्दल 'कधीच नाही' असं लिहून दिलं नव्हतं. "त्या कारणाने नाही थांबणार," ती म्हणाली.

वांतीने खुंटीला बोट लावून बघितलं. "हे अवघड होतं का बनवायला?"

"नाही. वर्षापूर्वीच तयार होतं."

"मग तेव्हा का नाही लावलं?"

जमना दुसरीकडे बघत होती. यामिनीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. देण्याजोगी बरीच उत्तरं होती: मंडळ, शिफारस, अठरा टक्के. खरं एकच होतं.

"तुम्ही कुणी काही बोलला नाहीत," ती म्हणाली, "म्हणून आम्ही समजलो, तुमचं भागतंय."

वांतीने तिच्याकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि तिने अर्धं सोललेलं कणीस पुन्हा हातात घेतलं.